दारात जाऊन मागायचा वेल

खेड स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांचे दोन जोड, एक टॉवेल आणि दोनशे पत्रकं होती. कपडे कमी पडले, पत्रकं उरली. आमच्या घरात हे नेहमीचंच. सोलापुरात माझ्या वडिलांचा छोटा छापखाना आहे. तो लग्नपत्रिकांवर चालतो आणि पत्रकांसाठी जगतो. मी मुळाक्षरं शिकले तीही 'बंधूंनो आणि भगिनींनो' यातून. त्यामुळे माझी मैत्रीण नीता फोनवर म्हणाली, "आठवडाभर ये, रताळ्याचे वेल गोळा करायला सोबत हवी आहे," तेव्हा मी आधी तिकीट काढलं नाही. आधी पत्रक लिहिलं.

पत्रकाचं नाव 'बेणं कुणाचं?' (बेणं म्हणजे लावणीसाठी राखलेले वेलाचे तुकडे. रताळं बी पेरून लावत नाहीत, वेल तोडून लावतात.) त्यात तीन मुद्दे होते, आणि तिसऱ्या मुद्द्याचा मला फार अभिमान होता. तो पुढे येईलच. तो माझ्याआधीच पुढे जाऊन बसला होता.

नीता दापोलीला पिकांच्या नव्या जाती तयार करण्याचं शिकते. स्टेशनबाहेर चहा पिताना तिने मला काम समजावून सांगितलं. गावोगावचे वेल आणायचे, एकाच दिवशी एकाच मातीत लावायचे, पानं-देठ-कंद ताडून पाहायचे आणि मग प्रयोगशाळेत त्यांची जनुकं तपासायची. कोण कोणाच्या जवळचा, कोण लांबचा, ते कळलं की संकर कोणाचा कोणाशी करायचा ते ठरतं.

"लांबचा कशाला हवा?" मी विचारलं.

"रताळ्याचं फूल स्वतःच्या परागावर बी धरत नाही. शेजारी तोच वेल लावलास तरी नाही. त्याला परकाच लागतो."

मी कप खाली ठेवला. एका कंदाने अख्ख्या जातिव्यवस्थेला दिलेलं इतकं सडेतोड उत्तर मी ऐकलं नव्हतं. यावर वेगळं पत्रक निघालं पाहिजे, असं मी तिथेच जाहीर केलं. नीता म्हणाली, "आधी भाकरी खा."

तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि चुलीच्या राखेत भाजलेली रताळी खाऊन आम्ही वाड्यावाड्यांवर निघालो. भात झोडून झालं होतं. कापलेल्या शेतांना ओला, गोडसर वास होता आणि वरकस जमिनीवर (डोंगरउताराची हलकी जमीन) बाया रताळी खणत होत्या. वेल मागितला की देत होत्या, आणि प्रत्येक वेलाला नाव होतं. एकीकडे 'देवरूखी'. पलीकडच्या बांधावर 'माहेरचा'. मग 'वयनीचा', 'मावशीचा', 'गुहागरी'. दोन दिवसांत नऊ नावं झाली. मी आनंदाने वेडी झाले होते. केवढी विविधता! केवढी लोकसंपदा!

खोलीवर आल्यावर नीताने नऊही जुड्या फरशीवर मांडल्या. पानाच्या कडा पाहिल्या, देठ पाहिले, कंद कापून आतला रंग पाहिला. मग ती भिंतीला टेकून हसायलाच लागली.

"अगं, नावं नऊ आणि वेल तीन!"

झालं होतं असं, की इथे वेल विकत नाहीत. तो कोणीतरी देतं, आणि देणाऱ्याचं नाव त्याला चिकटतं. एकच वेल वहिनीकडून आला की 'वयनीचा', मावशीकडून आला की 'मावशीचा'. आम्ही जाती नव्हे, नातेवाईक गोळा केले होते.

"पानं फसवतात, शेवटी जनुकंच सांगतील," नीता गंभीर झाली. "पण हे तिन्ही मला सख्खे भाऊच वाटताहेत. आणि तिघांनाही सोंड्या लागतो." सोंड्या हा सोंडेचा भुंगा. तो कंद आतून पोखरतो आणि रताळं कडू करून टाकतो. खेडच्या बायकांनी एक गोष्ट मात्र एकमताने सांगितली होती. देवरूखच्या वर डोंगरातल्या एका गावी एका शाळेच्या बाईंकडे पांढरं रताळं आहे, आत जांभळं कडं असलेलं, आणि त्याला सोंड्या शिवत नाही.

नीताला तो वेल हवाच होता. रविवारी दापोलीत लावणी होती. सगळे वेल त्याच दिवशी मातीत गेले नाहीत तर तुलना फसणार होती आणि हंगाम हातचा जाणार होता. तिने प्रत्येक वेलाची एक जुडी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर दापोलीला धाडली, दुसरी पिशवीत घेतली, आणि मंगळवारी आम्ही देवरूखची गाडी धरली.

गाडीत शेजारच्या आजींनी पिशवीत डोकावून विचारलं, "म्हशीला काय गो?"

"नाही आजी, संशोधनाला."

"बरा. पण म्हशीला लय आवडतो."

हे वाक्य मी लक्षात ठेवायला हवं होतं.

देवरूखचा बाजार भरला होता. नीता पाणी शोधायला गेली तेवढ्यात मी सव्वाशे पत्रकं वाटली. लोक इतके सभ्य, की एकानेही तिथे टाकलं नाही. मला वाटलं, क्रांती जवळ आली.

बुधवारी सकाळी डोंगरातल्या त्या गावी पोचलो. रस्ता संपतो तिथून पाखाडी (जांभ्या दगडांच्या पायऱ्यांची वाट) वर चढते. बौद्धवाडीतलं पहिलंच घर सुलभाबाईंचं. त्या निवृत्त शिक्षिका. पडवीत पुस्तकांचं कपाट, त्यावर बुद्धाची छोटी मूर्ती, समोर सारवलेलं खळं (अंगण), बाजूला गोठा. बाई आरामखुर्चीत बसल्या होत्या, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी. नीताने सगळं नीट सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही न बोलता ऐकून घेतलं. मग खुर्चीतल्या उशीखालून एक कागद काढला आणि माझ्यासमोर धरला.

"वाचता येतं ना? तिसरा मुद्दा. मोठ्यानं."

कागदाला सुकटीचा वास येत होता. बाजारातून कोणीतरी त्यात सुकट बांधून आणली होती. ते माझं पत्रक होतं.

मी उभी राहून वाचलं. "'वेल मागणारा कितीही शिकलेला असो, कितीही गोड बोलो, त्याला तीन प्रश्न विचारल्याशिवाय पानही देऊ नका. वेल नेतोस कुठे? त्याचं पुढे काय करणार? आणि आम्हाला परत काय देणार?'"

"चांगलं लिहिलंय कोणीतरी," बाई म्हणाल्या. "दुसरा मुद्दा पहिल्याचाच परत आलाय, तो मी खोडला. पण तिसरा बरोबर. माझे वडीलपण पत्रकं वाटायचे. सांगायचे, वाटणाऱ्यानं आधी स्वतः वाचावं. द्या उत्तरं."

नीता माझ्या कानाशी कुजबुजली, "चौथा मुद्दा का नाही घातलास? 'नीता सोडून' असा?"

पत्रक माझंच आहे, हे मी सांगून टाकलं. बाईंनी चष्म्यावरून मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "मग तर तुला सोपं जाईल."

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नीताने दिली आणि झकास दिली. वेल दापोलीला जाणार, तपासला जाणार, त्याच्यापासून सोंड्याला न जुमानणारी जात करायचा प्रयत्न होणार. तिसऱ्या प्रश्नाला ती म्हणाली, "नोंदवहीत तुमचं नाव राहील, बाई."

"नाव मला आहे. हजेरीपटावर बत्तीस वर्षं मीच लिहीत होते." बाई पुढे वाकल्या. "हे बघ बाय, आमच्याकडे बेणं रित्या हातानं नेत नाय. वेलाला वेल द्यायचा. दुसरा."

"मग आहेत की!" नीता उजळली. "खेडचे तीन आणलेत. हवा तो घ्या." आणि ती पिशवीकडे वळली.

पिशवी गोठ्याच्या कुडाला टेकवून ठेवली होती. म्हणजे मीच ठेवली होती. कुडाच्या वरून एक काळं, शांत, समाधानी तोंड बाहेर आलं होतं आणि त्या तोंडातून 'मावशीचा' वेल लोंबत होता. 'देवरूखी' आणि 'गुहागरी' पोटात गेले होते. आम्ही धावेपर्यंत 'मावशीचा'ही गेला.

बाई इतक्या हसल्या की गरम पाण्याची पिशवी खाली पडली. "हौशे! अगो लेखी परवानगी तरी घ्यायचीस!" मग माझ्याकडे वळून, "तुझ्या पत्रकात म्हशींचा मुद्दा नाय."

मीही हसत होते, पण नीताचा चेहरा पाहून थांबले. तिचे डोळे भरले होते. तिच्या वर्षभराच्या कामाच्या आड माझं एक वाक्य उभं होतं, आणि वाईट म्हणजे ते वाक्य खरं होतं. ते मागे घ्यावं असं मला वाटत नव्हतं. त्याला उत्तर शोधावं, एवढंच वाटत होतं.

"कोणता वेल आणला तर द्याल, बाई?" मी विचारलं.

बाईंनी खाली पडलेली पिशवी उचलून पुन्हा गुडघ्यांवर ठेवली. मग म्हणाल्या, "आंजर्ल्याला माझी मैत्रीण आहे, जैबुन. रत्नागिरीला डीएडला आम्ही एका खोलीत होतो. माझ्या आईचा लाल वेल मी तिला दिला होता. पुढं माझ्या बदल्या झाल्या, आई गेली, आमचा वेल गेला. तिच्याकडं असला तर आणा. मग पांढरा न्या."

"फोन करून विचारू या ना," नीता म्हणाली. "नंबर आहे?"

"नंबर हाय. ईदला बोलतो आम्ही. पण बेणं फोनवर मागायचं नसतं. दारात जाऊन मागायचं. आणि या गुडघ्यांनी मी कुठली जाते?"

निघताना बाईंनी फडक्यात बांधून चार उकडलेली रताळी दिली. "जैबुनला द्या. तिच्या दारातही रित्या हातानं जाऊ नका."

पाखाडी उतरताना नीता गाठोडं चाचपत म्हणाली, "कच्ची का नाही दिली?"

वरून आवाज आला, "कच्ची दिली असती तर तुम्ही दापोलीत रुजवली असतीत!"

देवरूख, चिपळूण, खेड, दापोली. गुरुवार गाड्या बदलण्यात गेला. नीता माझ्याशी खेडपर्यंत बोलली नाही. खेडला तिने शेंगदाण्याची पुडी घेतली, मला निम्मी दिली आणि म्हणाली, "तुझा तिसरा मुद्दा बरोबरच आहे, हीच तर चीड येते." तिथून दापोलीपर्यंत आम्ही दोघी नुसत्या हसत होतो. कंडक्टरने दोनदा वळून पाहिलं.

शुक्रवारी सकाळी आंजर्ल्याला उतरलो. खाडीला भरती होती, कड्यावरच्या गणपतीचा कळस उन्हात पांढरा चमकत होता, आणि मी सोलापूरची असल्यामुळे एवढं पाणी फुकट पडलेलं पाहून मला दर वेळी होतं ते झालं: उगाच ओरडावंसं वाटलं. ओरडले. एका कोळणीने टोपली सावरत विचारलं, "काय हरवलं काय गो?"

जैबुनचाचींचं घर नारळीच्या वाडीत. मुलगा दुबईला, सून माहेरी गेलेली, चाची एकट्याच तिसऱ्या (खाडीतले शिंपले) निवडत बसल्या होत्या. आम्ही नाव सांगायच्या आधीच त्यांनी पाट सरकवले. नीताने गाठोडं पुढे केलं. "देवरूखच्या सुलभाबाईंनी दिलंय."

"सुलभानं?" त्यांनी फडकं सोडलं, एक रताळं मोडलं आणि हात तसाच थांबला. आत जांभळं कडं होतं. त्यांनी एक घास खाल्ला. हळूहळू चावला.

"हे माझं हाय," चाची म्हणाल्या.

नीताने मोडलेला दुसरा अर्धा उचलून पाहिला.

"आमच्या अम्मीचा वेल. डीएडला असताना मीच दिला तिला, तिच्या लालच्या बदल्यात. मग एका वर्षी तुफानात दर्याचं पाणी वाडीत शिरलं, नारळ पडले, वेल गेला. मला वाटलं, संपला." त्यांनी ओढणीने डोळे पुसले आणि दुसरा घास घेतला. "तिनं ठेवला की गो. इतकी वर्षं!"

"आणि लाल?" नीताने घाईने विचारलं.

चाची उठल्या. विहिरीमागे, उंचवट्यावर, जिथे समुद्राचं पाणी पोचलं नव्हतं, तिथे लाल देठांचा वेल पसरला होता. "ही सुलभा," त्या म्हणाल्या. त्या वेलाला त्या घरात दुसरं नावच नव्हतं. शेजारच्या चार घरांतही सुलभाच लावलेली होती, आणि सुलभा कोण, हे त्यातल्या कोणाला माहीत नव्हतं.

दोघींनी स्वतःचा वेल गमावला होता आणि दोघींनी एकमेकींचा जपला होता. दोनशे पत्रकं छापूनही हे मला लिहिता आलं नसतं.

"तर चाची, बाईंसाठी थोडे तुकडे..." नीताने सुरुवात केली.

चाचींनी कमरेवर हात ठेवले. "कशाला देऊ? बेणं तिला हवं नि दारात तुम्ही? ती का नाय आली?"

"गुडघे दुखतात त्यांचे."

"गुडघे काय तिलाच हायत?"

नीताने माझ्याकडे पाहिलं. आता आणखी एक अट, आणखी दोन दिवस, आणि रविवारची लावणी संपली. मी पत्रकातली सगळी भाषा आठवून पाहिली. या प्रसंगाला लागू पडेल असं एकही वाक्य नव्हतं. म्हणून मी साधंच बोलून गेले, "चाची, मग तुम्हीच चला. तुम्हालाही तुमचा पांढरा मागायचाच असेल ना?"

चाचींनी ओढणी कमरेला खोचली. मग म्हणाल्या, "तिसऱ्या शिजवते. खाऊन निघू."

त्या निघाल्या त्या अशा: एका हातात कोयत्याने कापलेली लाल वेलाची ओल्या फडक्यातली जुडी, दुसऱ्या हातात सांदणांचा डबा, आणि तोंडात सुलभाबाईंबद्दलच्या तक्रारी. चाळीस वर्षांपूर्वी तिने कंगवा परत केला नव्हता. ती झोपेत पाढे म्हणायची. तिला मासे साफ करता यायचे नाहीत. चिपळूणला एका नातेवाइकांकडे मुक्काम करून शनिवारी आम्ही पाखाडीखाली उभ्या राहिलो. चाचींनी वर पाहिलं, गुडघ्यांवर थोपटलं आणि एकेक पायरी मोजत चढल्या. मध्ये चार वेळा बसल्या. चारही वेळा म्हणाल्या, "मुद्दाम वर राहते ही."

खळ्याच्या कडेला त्या थांबल्या. पुढे गेल्या नाहीत. तिथूनच हाक मारली, "सुलभे! बेणं मागायला आलेय!"

पडवीतली खुर्ची करकरली. सुलभाबाई उठल्या. भिंत धरून, खांब धरून पायरीपर्यंत आल्या. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मला वाटलं आता रडतील.

"चपला काढ आधी," बाई म्हणाल्या. "सारवलंय."

"कंगवा काढ आधी," चाची म्हणाल्या.

मग मात्र दोघी रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या, आणि हौशी गोठ्यातून फुरफुरली. मी लाल जुडी डोक्यावर धरून उभी होते. या वेळी ती मी खाली ठेवली नाही.

सांदणं खाऊन झाल्यावर बाईंनी विळी मागवली. पांढऱ्या वेलाच्या दोन जुड्या झाल्या, एक चाचींची. लाल वेल बाईंनी नाकाशी धरला आणि आईची आठवण निघाली, तिच्याबद्दल बरंच बोलणं झालं. नीता बिचारी फडक्याची गाठ बांधत-सोडत होती. मागायचं कसं, तिला कळत नव्हतं.

"ही दुसरी जुडी तुझी, लालातली निम्मीही तुझी," बाई तिला म्हणाल्या.

"पण बाई, आमचे हात तर..."

"हिला आणलंत ना? मग रिते कुठं?"

तरीही कागद झालाच. मी लिहिला, बाईंनी तपासला, नीताने आणि त्या दोघींनी सह्या केल्या. नीताने दर वर्षी दोन्ही वेलांचं निरोगी बेणं दोन्ही दारांत पोचवायचं, आणि नोंदवहीत वेलाची नावं देणाऱ्यांची ठेवायची: लाल तो 'सुलभा', पांढरा तो 'जैबुन'. मी एक मुद्दा घातला होता तो बाईंनी खोडला. तो पहिल्याचाच परत आला होता.

मलाही एक पांढरा तुकडा हवा होता. माझ्याकडे द्यायला पंचाहत्तर पत्रकं सोडून काही नव्हतं. बाईंनी ती उलटून पाहिली. "मागची बाजू कोरी हाय. वाडीतल्या पोरांना शुद्धलेखनाला चालतील." आणि तुकडा दिला.

रविवारी दापोलीत लावणी झाली. लाल आणि पांढऱ्याचे वरंबे शेजारी शेजारी. ते नीताने मुद्दाम केलं की आपसूक झालं, मी विचारलं नाही.

माझा वेल आता छापखान्याच्या गच्चीवर तेलाच्या पत्र्याच्या डब्यात आहे. सोलापूरच्या उन्हाला तो नावं ठेवतो, पण वाढतो. वडील त्याला 'बाई' म्हणतात. त्यांनी पत्रकाची दुसरी आवृत्ती काढायला सांगितलं, तेव्हा मी पहिले दोन मुद्दे काढले आणि तिसरा ठेवला. तो अजूनही खरा वाटतो. फक्त मी तो लिहिला तेव्हा दार लावून घेतलेल्या माणसाच्या आवाजात लिहिला होता. हाच प्रश्न दार उघडून, पाट सरकवूनही विचारता येतो, हे मला डोंगरातली एक म्हातारी आणि तिची म्हैस यांनी शिकवलं.

परवा नीताचा फोन आला. जनुकांची तपासणी झाली. खेडचे तिघे खरोखरच सख्खे भाऊ निघाले. गोळा केलेल्या सगळ्या वेलांत एकमेकांपासून सर्वांत लांबचे दोन म्हणजे लाल आणि पांढरा. तिने पहाटे फुलं उमलताना पराग लावला, आणि बोंडात बी धरलं आहे. नोंदवहीत आईच्या रकान्यात सुलभा, बापाच्या रकान्यात जैबुन.

मी लगेच देवरूखला फोन लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा विचारून खात्री करून घेतली, आणि मग नेहमीच्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "जैबुनला कळव. म्हणावं, नातवंड झालंय. बघायला ये. आणि रित्या हातानं येऊ नको."